दिवे लागतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे का?

जुन्या घरांच्या वायरिंगबद्दल आलेल्या पत्रांत एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सारखे भेटते: ‘सगळे चालू आहे, मग हात कशाला लावायचा?’ नळ गळला तर दिसतो. वायरिंगचे तसे नाही. अर्थिंग तुटलेले असो, सांधा तापत असो की बटण न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या वायरवर) बसवलेले असो, पंखा फिरतोच आणि दिवा लागतोच. निवडक प्रश्नांची उत्तरे खाली देत आहोत. त्यांतले आकडे २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्यासाठी आणि तांब्याच्या वायरसाठी आहेत. ॲल्युमिनियमचा विषय पुढे स्वतंत्र आला आहे.

प्रश्न: घर ५० वर्षांचे आहे. दोन खोल्यांत लाकडी पट्टीवरची जुनी फिटिंग, बाकी ठिकाणी नंतर भिंतीत पाइप घालून केलेली. सगळे एकदम बदलणे जमणार नाही. कोणती वायर गेली आणि कोणती चालेल हे कसे कळेल? सुरुवात कुठून करावी?

उत्तर: वायरचे वय मोजू नका, तिचे आवरण पाहा. आतले तांबे सहसा बिघडत नाही. बिघडते ते वरचे इन्सुलेशन. पट्टीवरच्या फिटिंगमध्ये रबरी आवरणाची वायर असेल, वर सुती विणीची खोळ असेल, तर ती काढायचीच. वाळलेले रबर न हलवता पडून राहिले तोवर शाबूत दिसते आणि नवे बटण बसवायला टोक वाकवले की त्याचे तुकडे गळून पडतात. अशा वायरची चाचणी करत बसण्यात अर्थ नाही.

पीव्हीसी वायरचा निकाल इतका सरळ नाही. ७० अंश सेल्सिअसच्या आत राहिलेली चांगली पीव्हीसी वायर कित्येक दशके टिकते. त्याहून जास्त तापत राहिली की प्लास्टिकला मऊ ठेवणारे द्रव्य उडून जाते आणि आवरण कडक होते. हे आधी दोन ठिकाणी घडते: दिव्याच्या होल्डरपाशी आणि जास्त लोडच्या बोर्डात. मेन स्विच बंद करून हीच टोके उघडून पाहावीत. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा, कारण मेन बंद केल्यावरही त्याच्यावरचे दिवे-पंखे जिवंत राहतात. टोक वाकवल्यावर चीर पडली तर थोडे मागे कापून पुन्हा पाहा. तिथे आवरण मऊ निघाले, तर नुकसान टोकापुरतेच आहे.

डोळ्यांना न दिसणारे मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, सांगतो. ५०० व्होल्ट डीसीचा मेगर लावण्याआधी मेन बंद, सगळे दिवे होल्डरमधून काढलेले, सगळे प्लग बाहेर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सुटे, आणि बटणे मात्र चालू स्थितीत. बटण बंद राहिले तर त्यापुढची वायर तपासलीच जात नाही. मग एकेका सर्किटचे फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी मोजायचे. १ मेगाओमपेक्षा कमी आले तर ते सर्किट नापास. नव्या वायरिंगला दहापट, शंभरपट आकडे येतात, त्यामुळे २ किंवा ३ मेगाओम हा काठावरचा निकाल समजावा आणि दमट हवेत पुन्हा मोजावे.

सुरुवात कुठून, याबाबत आमचे मत ठाम आहे. आधी अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट अर्थकडे गळू लागला की लाइन तोडणारा स्विच). त्यानंतर गीझर, एसी, ओव्हन यांसारख्या जड उपकरणांना डीबीपासून (सगळ्या लाइनी जिथून फुटतात त्या मुख्य पेटीपासून) थेट नव्या स्वतंत्र लाइनी. दिवे-पंख्यांची वायरिंग शेवटी. एका खोलीचे दिवे आणि पंखा मिळून १ अँपियरही घेत नाहीत. जड भार काढून घेतला की धडधाकट पीव्हीसी वायर उरलेला भार सहज वाहते. पुष्कळ जण उलट करतात: दिवाणखान्यात नवे चकचकीत स्विच बसवतात आणि गीझर जुन्याच वायरवर ठेवतात.

प्रश्न: गीझर चालू केल्यावर काही वेळाने १६ अँपियरचा एमसीबी पडतो. ३२ अँपियरचा बसवला की प्रश्न मिटेल, असे वायरमन म्हणतात. बसवावा का?

उत्तर: नाही. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, गीझरसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. घरगुती एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तासभर तरी पडत नाही, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडतो. म्हणजे ३२चा एमसीबी ४६ अँपियर प्रवाह जवळजवळ तासभर चालू देऊ शकतो. मागे २.५ चौरस मिमीची वायर असेल तर एमसीबीच्या आधी तीच भाजून निघेल.

एमसीबी कसा पडतो, यावरून रोग ओळखता येतो. बटण दाबताक्षणी पडला तर शॉर्ट आहे. वीस-तीस मिनिटांनी पडला तर एकतर खराच ओव्हरलोड, नाहीतर एमसीबीचा स्क्रू सैल. ३००० वॅटचा गीझर १३ अँपियर घेतो. त्याच लाइनवर १५०० वॅटची किटली आणि १००० वॅटची इस्त्री लागली की बेरीज २४च्या आसपास जाते, आणि १६चा एमसीबी पडणारच. पण एकटा गीझर लावूनही पडत असेल, तर आधी सैल स्क्रूचा संशय घ्यावा. एमसीबीच्या आत उष्णतेने वाकणारी द्विधातूची पट्टी असते. सैल सांध्याची उष्णता तिच्यापर्यंत पोचली की १३ अँपियरवरही ती वाकते. तिथे ३२चा एमसीबी बसवणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणे.

सर्वसाधारण जोड्या अशा: दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिमी वायर आणि ६ किंवा १० अँपियर. पॉवर सॉकेटला २.५ आणि १६. मोठा गीझर किंवा एसीला ४ आणि २० किंवा २५. एका पाइपात बऱ्याच वायरी कोंबल्या असतील तर वायर एक माप मोठी घ्यावी. बी आणि सी या अक्षरांचा अर्थही लक्षात असू द्या. शॉर्ट झाल्यास बी प्रकार आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहाला तत्क्षणी पडतो, सी प्रकार ५ ते १० पटीला. मोटर किंवा कॉम्प्रेसर असलेल्या लाइनीला सी, बाकीच्यांना बी पुरतो.

घरात अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर आणखी एक गोष्ट पाहा. जुन्या बोर्डांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन फ्यूज असत. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, सगळ्यांना वाटते लाइन बंद पडली, पण फेज तशीच जिवंत असते आणि होल्डरला हात लावणाऱ्याला झटका बसतो. डीबी बदलेपर्यंत निदान न्यूट्रलच्या फ्यूजच्या जागी इलेक्ट्रिशियनकडून तांब्याची पक्की लिंक बसवून घ्या. फेजच्या फ्यूजला तार कोणती, हेही लोक अंदाजाने ठरवतात. कलई केलेल्या तांब्याची ०.२ मिमीची तार ५ अँपियरला, ०.५ मिमीची १५ला आणि ०.८५ मिमीची ३०ला. हाताशी आलेल्या फ्लेक्झिबल वायरची चार धागे तार पिळून घालणे म्हणजे फ्यूज नसल्यासारखेच.

प्रश्न: आमच्या सॉकेटला तिसरे भोक आहे, पण मागे अर्थची वायरच नाही. फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. एकाने अर्थ पिन न्यूट्रलला जोडायला सांगितले, दुसऱ्याने नळाच्या पाइपला. काय करावे?

उत्तर: दोन्ही नको. अर्थ पिन सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडली आणि पुढेमागे न्यूट्रल कुठे तुटली, तर फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात, तेही फ्रिजमध्ये काहीही बिघाड नसताना. नळाच्या पाइपचे तर मध्ये कुठे प्लास्टिकचा तुकडा घातला आहे हे कोणालाच ठाऊक नसते. अर्थ होत नाही आणि करंट दुसऱ्याच्या न्हाणीघरातल्या नळावर जातो.

मुंग्यांचे कारण बहुधा उपकरणातला फिल्टर आणि कॉम्प्रेसरची थोडी गळती असते. अर्थ असती तर ती गुपचूप जमिनीत गेली असती. पण ही गळती आहे की इन्सुलेशन फुटले आहे, हे हाताने ठरवता येत नाही. प्लग काढा आणि फ्रिज तपासून घ्या.

उपाय एकच: डीबीपासून प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी अर्थ वायर, फेजच्या जाडीची. वर सांगितलेल्या मुंग्याही त्यानेच थांबतील. मुख्य अर्थला जोडलेला सांधा उघडा, तपासता येईल असा ठेवावा. जुन्या घरांत जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेला तार गुंडाळून अर्थ नेलेली असते. गंज चढला की ती दिसायला असते, उपयोगाला नसते.

अर्थिंग आहे आणि एमसीबीही आहे, मग आरसीसीबी कशाला, असे काही पत्रांत विचारले आहे. हिशेब करून पाहा. जमिनीतल्या अर्थचा रोध १० ओम आहे आणि फेज गीझरच्या पत्र्याला टेकली. प्रवाह २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपियर. हा १६ अँपियरच्या १.४५ पटीहूनही किंचित कमी. एमसीबी तासभर ढिम्म राहू शकतो आणि तेवढा वेळ पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज असते. तोच प्रवाह ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीच्या दृष्टीने शेकडो पट आहे. तो क्षणार्धात लाइन तोडतो. अर्थचा रोध ५०० ओम असला तरी ०.४६ अँपियर वाहतो आणि आरसीसीबी पडतोच. म्हणून अर्थ वाईट चालेल असे नव्हे. ती काही ओमांच्या आतच हवी. पण अर्थ कोरडी पडली तरी दुसरा पहारेकरी जागा असतो.

अर्थ वायर ओढायला वेळ लागणार असेल तर तोवर आरसीसीबी तरी बसवा. अर्थ नसतानाही तो काम करतो, मात्र तो बिघाड होताच पडत नाही, माणसाचा हात लागल्यावर पडतो. झटका जाणवेल, पण तो सेकंदाच्या अंशापुरता.

एक इशारा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये १०० वॅटचा बल्ब लावून अर्थ तपासण्याची जुनी पद्धत सोडून द्या. अर्थ तुटलेली असेल तर त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या पत्र्यांवर करंट चढतो. मल्टिमीटरही इथे फसवतो: त्याच्यातून नाममात्र प्रवाह जातो, त्यामुळे निकामी अर्थवरही तो खुशाल २३० दाखवतो. हे काम लूप टेस्टरचे, म्हणजे अर्थच्या पूर्ण मार्गाचा रोध मोजणाऱ्या यंत्राचे.

प्रश्न: सांगितल्याप्रमाणे आरसीसीबी बसवला. आता तो दिवसातून दोनदा पडतो. दुकानदार बदलून द्यायला तयार आहेत. बदलावा का?

उत्तर: आधी थांबा. दहांत नऊ वेळा आरसीसीबी खरेच बोलत असतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढेच तो पाहतो. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल जवळच्या कुठल्याही सर्किटमधून उचललेली असते. आतापर्यंत त्याने काही बिघडले नाही, पण एका आरसीसीबीतून गेलेला प्रवाह दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलने परतला की हिशेब चुकतो.

शोध असा घ्या. सगळे प्लग काढा आणि सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर चढवून एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याने तो पडेल ते सर्किट दोषी. सगळे एमसीबी खाली असतानाही पडत असेल तर अनेक जण आरसीसीबीला दोष देतात, आणि तिथेच चुकतात. एका पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो. भिंतीत कुठे न्यूट्रल अर्थला टेकली असेल तर ती टेकलेलीच राहते. अशा वेळी मेन बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक वायर सोडवावी लागते. हे काम इलेक्ट्रिशियननेच करावे.

सगळे प्लग काढल्यावर पडत नसेल तर उपकरणे एकेक लावा. गीझरचे आणि ओव्हनचे एलिमेंट नेहमीचे गुन्हेगार. आवरणाला बारीक चीर गेली की ओल आत शिरते. पुष्कळ इलेक्ट्रॉनिक उपकरणे एकाच आरसीसीबीवर असतील तर प्रत्येकाची थोडी थोडी गळती मिळूनही तो काठावर येतो. तो ३०च्या आकड्याचा असला तरी १५ मिलिअँपियरनंतर केव्हाही पडू शकतो. नेहमीची गळती १० मिलिअँपियरच्या आत राहील अशा बेताने सर्किटे दोन आरसीसीबींवर वाटावीत. इन्व्हर्टरची न्यूट्रल तर सरळ वेगळीच हवी. ती मुख्य न्यूट्रलच्या पट्टीत मिसळली असेल तर बाकीचा शोध व्यर्थ.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची वॉशिंग मशीन किंवा इन्व्हर्टर एसी असेल तर आरसीसीबीच्या ‘एसी’ प्रकाराऐवजी ‘ए’ प्रकार घ्यावा. आणि टेस्टचे बटण दर तीन महिन्यांनी दाबावे. दाबल्यावर पडला नाही तर तो निकामी आहे. पडला तर आतली यंत्रणा ठीक, पण अर्थ ठीक आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रश्न: एका बोर्डातून जळका वास येतो. वायर पांढरट धातूची आहे, बहुधा ॲल्युमिनियम. तिला तांब्याची वायर पिळून टेप लावलेला आहे. स्क्रू आवळले तर चालेल का?

उत्तर: तो बोर्ड आत्ताच बंद ठेवा. सांध्यात ०.२ ओम रोध उरला असेल तर १३ अँपियरला तिथे ३४ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॅटची असते. प्लास्टिकच्या डबीत बंद करून ती चालू ठेवल्यासारखे हे आहे, आणि लोड वाढलेला नसल्यामुळे एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही.

आधी धातू ओळखा. टोक चाकूने खरवडा. आत तांबूस रंग दिसला तर ती कलई केलेली तांब्याची वायर. रबरी आवरणाच्या वायरींत अशी कलई असे. आतपर्यंत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. त्याच्यावर हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतो आणि तो वीज वाहत नाही. धातू मऊ असल्याने स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतो, आणि तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतो. त्यामुळे आज आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी पुन्हा सैल होतो. तांब्याशी थेट पिळला आणि ओल लागली की ॲल्युमिनियम गंजत जाते. भरीला त्याची वहनक्षमताही कमी: २.५ चौरस मिमी ॲल्युमिनियमला १.५ तांब्याएवढेच मानावे.

जड लोडच्या लाइनींत ते ठेवूच नये. दिव्यांच्या लाइनीत काही काळ ठेवावे लागले तर सांध्याला दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर आणि ऑक्साइड रोखणारी पेस्ट वापरावी. पीळ आणि टेप कुठेच नको.

प्रश्न: एलईडी दिवा बटण बंद केल्यावरही रात्री मंद चमकत राहतो. हा दिव्याचा दोष आहे का?

उत्तर: तीन शक्यता आहेत. बटणात बारीक निऑन दिवा असेल तर त्यातून जाणारा थेंबभर प्रवाह एलईडीला पुरतो. दोन वायरी लांबवर शेजारून गेल्या असतील तरीही तसे होते. या दोन्हींत धोका नाही. तिसरी शक्यता मात्र गंभीर आहे: बटण फेजवर नसून न्यूट्रलवर बसवलेले असणे. तेव्हा बटण बंद असतानाही होल्डर जिवंत असतो. मेन चालू आणि बटण बंद ठेवून, दिवा काढून, दोन टोकांच्या टेस्टरने होल्डरची दोन्ही टोके अर्थच्या तुलनेत इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. खिशातला निऑन टेस्टर अशा ठिकाणी खोटाही पेटतो, आणि बिघडला तर खोटा विझतोही. लाइन मेली आहे हे त्याच्यावरून कधी ठरवू नका.

प्रश्न: काल अचानक काही दिवे भगभगीत झाले, काही मंद, आणि टीव्ही जळाला. पुरवठा तीन फेजचा आहे.

उत्तर: मुख्य न्यूट्रल सुटली असावी. न्यूट्रल गेली की तिन्ही फेज आपापसांत व्होल्टेज वाटून घेतात. कमी लोडच्या फेजला ते ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकते. असे दिसताच एकेक प्लग काढत बसू नका, थेट मेन बंद करा आणि पुरवठा कंपनीला कळवा. कमी-जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारे उपकरण डीबीत बसवता येते. आरसीसीबी आणि एमसीबी या बिघाडाला पडत नाहीत.

प्रश्न: पुढच्या महिन्यात नवी वायरिंग सुरू होईल. काम करवून घेताना नेमके काय पाहावे?

उत्तर: पाइप भिंतीत फक्त उभे आणि आडवे जावेत, तिरपे नाहीत, म्हणजे पुढे खिळा ठोकताना अंदाज राहतो. पाइपाच्या छेदाच्या ४० टक्क्यांहून अधिक जागा वायरींनी भरू नये, नाहीतर ओढताना आवरण सोलवटते आणि उष्णताही कोंडते. भिंतीच्या आत सांधा असू नये. तो नेहमी उघडता येणाऱ्या डबीतच. प्रत्येक सर्किटची न्यूट्रल तिची स्वतःची. न्हाणीघरात सॉकेट शॉवरच्या किंवा टबच्या कडेपासून ६० सेंटिमीटरच्या आत नको, आणि गीझरचे बटण दाराबाहेर.

गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. पुरवठा जोडण्याआधी मेगरचे आकडे सर्किटवार लिहून घ्या आणि तो कागद डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्याच दारावर प्रत्येक एमसीबीपुढे खोलीचे नाव लिहा, आणि इन्व्हर्टरवरची सर्किटे लाल शाईने.